पाठमंडळाच्या समारोपाला

शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागून जुन्नर-आंबेगावात उतरणाऱ्या माणसाकडे यातलं एखादं तरी कारण असतं. कोणी द्राक्षांच्या दिवसांत जातं, कोणी नुसती मिसळ खाऊन परत येतं. मी यातल्या कशासाठीच गेले नव्हते. मी एक मंडळ बंद करायला गेले होते. ते मीच सुरू केलेलं होतं, त्यामुळे एसटीत बसल्यापासून माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

ज्यांना माझा पेशा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी गणित शिकवत नाही, गणित शिकवणाऱ्यांना शिकवते. म्हणजे शिकवत असे, आता निवृत्त आहे. आमचे हे म्हणतात, "स्वयंपाकघरात न जाता पाककृतींची पुस्तकं लिहिणारी बाई आहेस तू." त्यांना म्हणू दे. एम.एस्सी. झाल्यावर मला कॉलेजात मोठमोठी गणितं शिकवायची होती, पण नोकरी मिळाली ती अध्यापक विद्यालयात. वर्षभर काढू आणि सुटू, असं घरी सांगून गुहागरची मी पुण्यात आले. तिथे एका सरावपाठाला मागच्या बाकावर बसले असताना एका पोराने बावन्नातून सदतीस वजा करून पंचवीस काढले. बाईंनी फुली मारली आणि पुढे गेल्या. मी मधल्या सुट्टीत त्याला गाठून विचारलं, "कसं काढलंस?" तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले." त्याचं इतकं सरळ होतं की मी चाट पडले. त्या पोराच्या पाठोपाठ माझं सगळं आयुष्य निघून गेलं. माझी पीएच.डी. मुलांच्या चुकांवर आहे. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सूनबाईंनी चुकांमध्ये डॉक्टरेट केलीय."

पुढे परिसंवाद झाले, निबंध झाले, दोनदा परदेशवारीही झाली. पण या सगळ्यात मला प्रिय होतं ते जुन्नर-आंबेगावचं पाठमंडळ. माझ्याकडे शिकून गेलेले दहा-बारा शिक्षक महिन्यातून एका शनिवारी कोणा एकाच्या शाळेत जमत. त्या शाळेचा शिक्षक आपल्या वर्गावर गणिताचा पाठ घेई, बाकीचे मागे सतरंजीवर बसून बघत. नंतर चर्चा. चर्चेचा नियम एकच: शिक्षकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मूल काय म्हणालं, मुलाने काय केलं, तेवढंच सांगायचं. हा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण पाळताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो.

गेल्या पावसाळ्यात मंदाकिनीचा पाठ होता. खोडदजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत ती शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांमधली सगळ्यांत गुणी मुलगी, चाळिशीला आली तरी मला ती मुलगीच वाटते. भागाकार करताना, मागे नेहमीपेक्षा जास्त माणसं बसलेली बघून ती गडबडली आणि फळ्यावर सात आठे चोपन्न लिहून गेली. कोणीतरी मोबाइलवर तेवढंच टिपलं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं, खाली मजकूर, "बाईंनाच पाढे येईनात." मंडईत भाजीवाल्याने तिला विचारलं, "बाई, सात आठे किती वो?" दुसऱ्या आठवड्यात तिने मुख्याध्यापकांना सांगून गणित सोडलं आणि मराठी मागून घेतलं. तेव्हापासून मंडळात पाठ द्यायला कोणीही तयार होईना. शेवटी सुरेश सरांचा फोन आला, "मॅडम, तुम्हीच येऊन समारोप करा. आपोआप मरण्यापेक्षा ते बरं."

पेठ

सुरेश सर पेठ गावच्या एसटी स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभे होते. माझ्याकडे शिकायला आला तेव्हा हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, आता कानावरचे केस पांढरे झालेत. साडी सावरत मी मागे बसले आणि पहिल्याच खड्ड्यात माझी चप्पल रस्त्यावर राहिली. ती आणायला एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने चप्पल हातात दिली आणि वर "सांभाळून बसा, मावशी" असा सल्लाही दिला. पुण्यात एवढ्या वेळात मला चार हॉर्न ऐकू आले असते.

कल्पनावहिनींनी, म्हणजे सुरेश सरांच्या पत्नीने, जेवायला मासवडी केली होती. मी पडले कोकणातली. नाव ऐकून तोंडाला पाणी सुटलं आणि मी बांगड्याची वाट बघत बसले. ताटात आली ती बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, कांदा भरून कापलेली वडी आणि सोबत लालभडक रस्सा. पहिला घास घेतला आणि बांगड्याची आठवण जी गेली ती परत आली नाही. सोबत बाजरीची भाकरी. आमच्याकडची तांदळाची भाकरी मऊसूत, जरा लाडावलेली असते. ही मात्र खमकी, रश्शात बुडवली तरी आपला ताठा सोडत नाही. मी वहिनींना कृती विचारून घेतली. घरी आल्यावर करूनही पाहिली, वड्या फुटल्या.

जेवण झाल्यावर सुरेश सरांनी कपाट उघडून कौतुकाने एक शाल आणि नारळ दाखवला. समारोपाला माझा सत्कार ठरला होता. शाल बघून माझं डोकंच फिरलं.

"मी मेलेय का, सुरेश?"

"तसं न्हाई, मॅडम..."

"मग मंडळ मेलंय का? एक पाठ देणारं माणूस मिळत नाही तुम्हाला? दहा-बारा जण आहात!"

सुरेश सर खाली बघून म्हणाले, "कोण उभं ऱ्हाणार, मॅडम? परत्येकाच्या खिशात क्यामेरा हाय. मंदाबाईंसारख्या हुशार बाईचं असं झालं, तर आमची काय गत? मीसुदिक भ्यालोय, खरं सांगतो."

हे त्याने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की माझा राग निवला. मी मनात एक बेत पक्का केला. मंदाला पुन्हा फळ्यापाशी उभं करायचं. ते जमलं तर मंडळ राहील, नाही जमलं तर शाल घेऊन गुपचूप परत यायचं.

बेल्हे

खोडदला जायच्या आधी सुरेश सरांनी मला बेल्ह्याच्या बैलबाजारात नेलं. त्यांच्या भावाला गाय घ्यायची होती. बाजार म्हणजे धूळ, शेणाचा वास, टेम्पोंची रांग, शिंगांना लावलेले रंग आणि भज्यांचा घाणा. मला गाय-बैलांतलं काही कळत नाही, पण भजी कळतात. ती खात हिंडत असताना एका ठिकाणी मी थबकले. दोन माणसं समोरासमोर उभी होती आणि दोघांचे हात एका उपरण्याखाली होते. तोंडातून शब्द नाही. एकजण मान हलवी, दुसरा हसे, उपरण्याखाली काहीतरी हालचाल होई. बोटांनी भाव ठरत होता.

आता माझ्यासारख्या बाईला हे बघून राहवणार कसं? बोटांवरचं गणित, तेही झाकून! मी अगदी जवळ गेले, वाकले आणि उपरण्याकडे बघत विचारलं, "आता कितवं बोट धरलंत? आणि ते कसं काढलंत?"

दोघांचे हात एकदम बाहेर आले. त्यातला म्हातारा व्यापारी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाला, "बाई, तुमी घेणाऱ्या का इकणाऱ्या?"

"दोन्ही नाही."

"मंग कशापायी इचारता?"

भोवती दहा माणसं गोळा झाली. मुलांच्या बाबतीत हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले, कोणी असं खवळलं नव्हतं. सुरेश सर धावत आले. "माफ करा, बाबा. आमच्या मॅडम हैत. मास्तरांच्या मास्तरीण."

"मंग बराबर हाय," म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? सौदा पुन्हा उपरण्याखाली गेला आणि थोड्या वेळाने मोडला. मोडला तरी दोघं एकमेकांना तंबाखू देऊन शांतपणे वेगळे झाले. त्याच म्हाताऱ्याने मग मला चहा पाजला. मी विचारलं, आजकाल सगळे मोबाइलवर भाव बघतात, मग हे झाकणं कशाला? तो म्हणाला, "उघड्यावर बोललं अन् मोडलं, तर दोघांतल्या येकाचं तोंड पडतं, बाई. आन मंग पुढच्या बाजाराला त्यो येतच न्हाई."

खोडदच्या वाटेवर मला मंदा दिसत होती. हिशेब करताना माणसाला थोडा आडोसा लागतो, हे बाजारातल्या माणसांना ठाऊक आहे. आम्ही शिक्षक फळ्यापाशी उघड्यावर उभे असतो आणि आडोसा म्हणून होता तो आमचा एक नियम. तो नियम सतरंजीवर बसलेल्यांनी पाळला, खिशातल्या मोबाइलने पाळला नाही.

खोडद

खोडदला पोचलं की आधी तिथल्या रेडिओ दुर्बिणी दिसतात. कांद्याच्या रोपांच्या, उसाच्या मधोमध भल्यामोठ्या जाळीदार तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. शास्त्रज्ञ त्यांतून म्हणे आकाश ऐकतात. मी तोंड वर करून बघत राहिले. शेजारच्या वाफ्यात निंदणाऱ्या बाईने मान वरसुद्धा केली नाही. तिला त्यांची सवय आहे, जशी आम्हाला गुहागरला समुद्राची.

मुक्काम मंदाच्या घरी होता. अंगणात पोचतो तोच तिच्या सासूबाईंनी सगळ्यांना आत घेऊन दार लोटलं. ऊस तुटायला लागलाय, बिबट्या बाहेर आलाय. मी घाबरले, तशा त्या म्हणाल्या, "त्यो काय रोज येतो, त्याचं काय एवढं?" आणि चुलीकडे वळल्या.

जेवायला मला, सुरेश सरांना आणि मंदाच्या यजमानांना आधी बसवलं. मी म्हटलं, सगळेच बसू. कोणी ऐकलं नाही. तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात येत होती. मी अर्धी मोडून परत देऊ लागले तर सासूबाईंनी डोळे वटारले. "पावण्याला तुकडा वाढत्यात व्हय? गपगुमान खा." आमच्या घरी पोळ्या करायच्या आधी प्रत्येकाला "किती?" असं विचारायची पद्धत आहे, आणि हो, दोन म्हणणाऱ्याला दोनच मिळतात. इथे आकडा विचारणंच अपमानाचं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि हलता येईनासं झालं.

मागचं आवरून झाल्यावर मंदा माझ्याजवळ येऊन बसली. मी फार गोल-गोल बोलू शकत नाही. सरळ म्हटलं, "उद्या तू पाठ घे."

"न्हाई, मॅडम."

"एका चुकीसाठी?"

"चुकीचं न्हाई वो काही. चुका तुमीच तर शिकवल्या आमाला." ती थोडं हसली, मग तिचा आवाज बदलला. "माझी धाकटी तिसरीत हाय. तिला वर्गातल्या पोरांनी माझा व्हिडिओ दाखवला. घरी येऊन मला म्हणती, आई, तुला मी पाढे शिकवू का? लेकीनं मायेनं इचारलं, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. तुमी म्हणाल ते करीन. सतरंज्या टाकीन, सगळ्यांचा सैपाक करीन. पण खडू हातात देऊ नका."

मी तिचा हात धरला. परिसंवादांत शिक्षकांच्या आत्मविश्वासावर मी तासतासभर बोलले आहे. त्यातलं एक वाक्य तिला सांगण्यासारखं सापडलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं. मग समारोपाचा पाठ मी घेते."

सकाळी शाळेत सगळे जमले. सतरंजी घातली गेली, शाल-नारळाची पिशवी खुंटीला लटकली. मंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आतही नाही आणि बाहेरही नाही. समोर चौथीची वीसेक मुलं. मी अपूर्णांकांचा पाठ घ्यायचं ठरवलं होतं, माझा हातखंडा विषय. या "वाटून घेण्याच्या" उदाहरणांवर मी निबंधच्या निबंध लिहिलेत. फळ्यावर तीन गोल काढले.

"या तीन भाकऱ्या. जेवायला बसलोय चौघं. श्रावणी, ओम, आरुष आणि मी. सांगा, कोणाला किती?"

ओम लगेच म्हणाला, "तुमाला येक."

"आणि बाकीच्यांना?"

"ऱ्हायल्या दोन. त्या आमी घिऊ वाटून."

"पण सगळ्यांना सारखी मिळायला हवी ना?"

मुलं माझ्याकडे जरा काळजीने बघू लागली. श्रावणी समजुतीच्या सुरात म्हणाली, "पावण्याला तुकडा कसा वाढायचा, बाई?"

"समजा मी पाहुणी नाहीच."

"मंग कोण हाय तुमी?"

वर्ग हसला. मी घाईने माणसं बदलली. आई, बाबा, तू आणि तुझा भाऊ. आरुष म्हणाला, "आई मागनं खाती." मी म्हटलं, आज आईसुद्धा बरोबर बसलीय. तर तो म्हणाला, "मंग भाकर सरली की थापंल की आणखी येक." त्याला पीठ संपलंय म्हणून सांगितलं, तशी श्रावणी शेजारून आणायला निघाली. माझा पारा चढला. इतक्या वर्षांचा अनुभव, मागे माझेच विद्यार्थी बसलेले, आणि तीन भाकऱ्या काही केल्या चौघांत वाटल्या जाईनात. मी आवाज चढवून म्हटलं, "नाही! याच तीन आणि सारख्याच वाटायच्या!"

सगळ्यांनी हाताच्या घड्या घातल्या. मग पुढच्या ओळीतून एकजण हळूच म्हणाला, "पाऊण?" आणि लगेच चारी बाजूंनी सुरू झालं, "पाऊण, पाऊण." तो आवाज मला चांगला ओळखता येतो. मोठ्या माणसाचा राग शांत करण्यासाठी मुलं जे उत्तर देतात त्याचा तो आवाज असतो. तरी सवयीने मी त्या पुढच्या मुलाला विचारलं, "कसं काढलंस?"

"तुमाला तेच पायजे व्हतं ना?"

मी खडू ठेवला. मुलं खिचडी खायला बाहेर गेली आणि आम्ही व्हरांड्यात गोल करून बसलो. माझे कान तापले होते. आता नियमाप्रमाणे एकेकजण बोलू लागला. एकजण म्हणाले, ओमने आधी पाहुणीचा वाटा बाजूला काढला आणि उरलेल्याचा विचार केला. सुरेश सर म्हणाले, आरुषने भाकऱ्यांचा आकडा वाढवायचा मार्ग काढला. श्रावणी उसनवारीला निघाली. माझा चढलेला आवाज, माझी घाई, सगळ्यांनी बघितलं होतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कोणी हसलं नाही. हा नियम मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगत आले. पडलेल्या माणसाला तो किती उबदार लागतो हे मला त्या सकाळी कळलं, आणि समोरच्या त्या दहा-बारा माणसांबद्दल मला इतकं भरून आलं की मी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात चौकटीतून मंदा बोलली. "पोरं चुकली न्हाईत, मॅडम."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"भाकर आमच्यात हिशोबानं वाटत न्हाईत. मोजून भाकर वाढली तर भांडणं व्हत्याल. जी वस्तू हिशोबानं वाटत्यात ती द्या की त्यांना."

"कोणती?"

"पाणी."

मी गप्प राहिले, कारण मी काही म्हटलं असतं तर ती पुन्हा चौकटीबाहेर गेली असती. ती फळ्याकडे बघत होती. मग तिची नजर आमच्याजवळच्या मोबाइलांकडे गेली. कडेला बसलेल्या बबन सरांनी, जे सकाळपासून मंदाची नजर चुकवत होते, आपला मोबाइल बंद केला, पिशवीत टाकला आणि पिशवी व्हरांड्याबाहेर ठेवून आले. एकामागून एक सगळ्यांनी तसंच केलं. खिचडी खाऊन मुलं आत आली तेव्हा फळ्यापाशी मंदा उभी होती. तिच्या हातातला खडू लांबूनही हलताना दिसत होता.

"भावकीची इहीर हाय," ती म्हणाली. "चार भाऊ. आज लाईट तीनच तास. कुणाची मोटार किती वेळ चालंल?"

वर्गात एकदम कालवा झाला. "सारखी! सारखी!"

"थोरल्या भावाला जरा जास्ती देऊ या का?"

"न्हाई!"

"धाकट्याकडं पावणं आल्यात. त्याला?"

"पावण्याला च्या पाजा," ओम उठून म्हणाला, "पाण्याची पाळी न्हाई द्यायची!" मग त्याने मला न विचारता माहिती दिली, "आमच्या आज्याची अन् चुलत आज्याची ह्याच्यावरनं बोलणी बंद हायती, बाई."

आमच्याकडे विहिरीवर भांडण झालंच तर पोहऱ्यावरून होतं. पाणी घड्याळाने वाटतात हे मला ऐकून माहीत होतं, पण ते मुलांच्या अंगात इतकं भिनलेलं असेल असं वाटलं नव्हतं. मघाशी भाकरी वाटताना उदार असलेली पोरं आता सावकार झाली होती. श्रावणीने ठरवलं, आधी प्रत्येकाला अर्धा तास द्यायचा, म्हणजे आपल्या पाळीची खात्री. दोन तास संपले. उरलेला एक तास चौघांत, पाव-पाव. "अर्धा आन पाव," आरुष बोटं नाचवत म्हणाला, "पाऊण! पाऊण तास!" तोच शब्द होता, पण या वेळी तो कोणाला खूश करायला आलेला नव्हता. ते त्यांचं त्यांनी मिळवलेलं होतं आणि त्यासाठी ते भांडायला तयार होते.

"मोटारीला टायमर लावायचाय," मंदा म्हणाली. "त्याला पाऊण कळत न्हाई. मिनटांत सांगा."

पाव तास म्हणजे पंधरा मिनिटं, हे मुलांनी सांगितलं. असे तीन. मंदा फळ्याकडे वळली, पंधरा लिहिलं, त्यापुढे गुणिले तीन लिहिलं. आणि तिचा हात थांबला. वर्ग तिची पाठ बघत होता, आम्ही सगळे तिची पाठ बघत होतो. मला वाटलं, आता ही खडू ठेवून निघून जाईल, आणि तिला इथवर आणण्याचा हट्ट केला म्हणून मला स्वतःचाच राग आला.

ती वळली. आमच्याकडे बघितलं नाही, मुलांकडे बघितलं. "पंधरा त्रिक किती, सांगा बरं. माझं पाढ्यात चुकतं कधीकधी."

"पंचेचाळीस!" सगळा वर्ग ओरडला. त्यात हसणं नव्हतं, मदतीला धावल्याचा उत्साह होता. एक मुलगी तर तीन वेळा पंधरा मांडून खात्री करायला फळ्यापाशी गेली. मंदाने तिच्या हातात खडू दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली, पदराने कपाळ टिपत. मी रडले. माझ्या पेशात असं करत नाहीत, पण मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

माझ्या नावावर काही पुस्तकं आहेत, काही समित्या आहेत. गणितातल्या चुकीला घाबरू नका, हे वाक्य मी किती सभागृहांत म्हटलं असेल कोण जाणे. त्या वाक्याची किंमत चुकवून ते कोणी माझ्यासमोर जगून दाखवलेलं मी त्या दिवशी पाहिलं. यापेक्षा मोठं काही माझ्या नोकरीने मला द्यायचं राहिलेलं नाही, आणि जे दिलं त्याबद्दल मी मंदाची, त्या पोरांची, त्या व्हरांड्याची ऋणी आहे.

मुलं सुटल्यावर पुन्हा गोल बसलो. पुढच्या महिन्यातला पाठ कोणाचा, हा प्रश्न सुरेश सरांनी सवयीने विचारला आणि मग आज तर समारोप आहे हे आठवून जीभ चावली. खुंटीवरची पिशवी सगळ्यांना दिसत होती.

मग बबन सर उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "मंदाबाई," ते म्हणाले, "तो व्हिडिओ मी काढला न्हाई. पण मला आला तवा मी हसलो आन पुढं धाडला. तुमाला तोंड दाखवायला जागा न्हाई मला, तरी आज आलो." ते सगळ्यांकडे वळले. "पुढचा पाठ माझ्या वर्गावर व्हऊ द्या. जमंल न जमंल, तुमी सगळ्यांनी या."

मंदाने त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं. रागावली तर तिचा हक्कच होता.

"घ्या की," ती शेवटी म्हणाली. "पण त्या दिवशी घरनं जेवून या, भाऊ. उपाशीपोटी हात लई कापतो."